मधुमेहाच्या जोखमीची प्रश्नावली: भरावी कशी, गुण वाचावेत कसे

दुसऱ्या प्रकारचा मधुमेह बहुतेकांच्या शरीरात काही वर्षे निमूटपणे मुरत असतो. तहान, वारंवार लघवी, वजन घटणे ही लक्षणे दिसू लागेपर्यंत रक्तातील साखर बरीच वर गेलेली असते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत 10 कोटींहून अधिक मधुमेही आणि 13 कोटींहून अधिक पूर्वमधुमेही (साखर वाढलेली, पण मधुमेहाइतकी नाही असे) असल्याचा अंदाज मांडला गेला, आणि मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, म्हणजे 26.4 टक्के, गोव्यात आढळले. एवढ्या मोठ्या लोकसंख्येत रक्ततपासणीसाठी आधी कोणाला पाठवायचे, हे ठरवण्याकरिता जोखीम मोजणाऱ्या प्रश्नावल्या तयार झाल्या. त्यांचे काम एवढेच आहे. प्रश्नावली रोगनिदान करत नाही. निदान होते ते फक्त रक्ताच्या तपासणीने.

संकेतस्थळांवर अशा अनेक प्रश्नावल्या सापडतात. त्यांपैकी 2003 मध्ये प्रसिद्ध झालेली फिनलंडची ‘फिंडरिस्क’ जगभर वापरली जाते. तिच्यात आठ प्रश्न आणि कमाल 26 गुण असून पुढील दहा वर्षांत मधुमेह होण्याची शक्यता ती सांगते. मात्र तिच्यातील उंची-वजनाच्या आणि पुरुषांच्या कंबरेच्या मर्यादा युरोपीय बांध्यावरून ठरलेल्या आहेत. भारतीयांना तुलनेने कमी वजनातच मधुमेह गाठतो, हे आता सर्वमान्य आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापून ही गोष्ट दाखवली होती: दोघांचाही बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचे माप) 22.3, पण शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. त्यामुळे परदेशी प्रश्नावलीने ‘जोखीम कमी’ असा निर्वाळा दिला, तरी सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाने त्यावर विसंबू नये.

आपल्यासाठी अधिक सोयीची आहे ती ‘भारतीय मधुमेह जोखीम गुणांकन’ ही प्रश्नावली. चेन्नईतील डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील नागरिकांच्या मोठ्या पाहणीच्या आधारे ती 2005 मध्ये मांडली. तिच्यात वय, कंबरेचा घेर, शारीरिक हालचाल आणि आईवडिलांचा मधुमेह असे चारच प्रश्न असून एकूण गुण 100 आहेत. वजनकाट्याचीही गरज नाही. शिंप्याची टेप पुरते.

वयाचा हिशेब सोपा आहे: 35 वर्षांखाली शून्य, 35 ते 49 दरम्यान 20 आणि पन्नाशी गाठल्यावर 30 गुण. येथे जन्मदाखल्यावरचे वय धरावे; ‘तब्येतीने अजून तरुण आहे’ या समजुतीला गुणांकनात जागा नाही.

कंबरेच्या घेराशी मात्र थोडे थांबावे लागते, कारण सर्वाधिक चुका येथेच होतात. पँटचा नंबर म्हणजे कंबरेचा घेर नव्हे. पोट सुटलेला माणूस पँट पोटाखाली बांधतो आणि वर्षानुवर्षे 34 नंबरच सांगत राहतो. बरगडीची सर्वांत खालची कड आणि कमरेच्या हाडाची वरची कड बोटांनी चाचपून घ्यावी आणि त्या दोहोंच्या बरोबर मध्यावर, उघड्या अंगावर किंवा अगदी पातळ कपड्यावरून, टेप धरावी. पाय जवळ घेऊन सरळ उभे राहावे, हात सैल सोडावेत, नेहमीसारखा श्वास सोडून झाला की आकडा वाचावा. टेप मागच्या बाजूला घसरत नाही ना, हे आरशात किंवा दुसऱ्या कोणाकडून पाहून घ्यावे. ती त्वचेला टेकलेली असावी, पण रुतलेली नसावी. पोट आत ओढून मोजलेल्या घेराचा काही उपयोग नाही. त्या परीक्षेत कॉपी करून नुकसान आपलेच. स्त्रियांचा घेर 80 सेंटिमीटरपेक्षा कमी आणि पुरुषांचा 90 पेक्षा कमी असल्यास शून्य गुण. स्त्रियांचा 80 ते 89 आणि पुरुषांचा 90 ते 99 असल्यास 10. त्याहून अधिक असल्यास 20.

हालचालीचा प्रश्न दिसायला सोपा, उत्तर द्यायला अवघड. भरपूर व्यायाम किंवा अंगमेहनतीचे काम असेल तर शून्य, मध्यम हालचाल असेल तर 10, हलकी असेल तर 20 आणि व्यायाम नाही व काम बैठे, अशी स्थिती असेल तर 30 गुण धरतात. शेतात दिवसभर खुरपणी करणारी बाई किंवा हमाल पहिल्या पायरीवर बसतो, यात वाद नाही. खरा प्रश्न शहरी मध्यमवर्गाचा आहे. ‘दिवसभर घरात पाय टेकायला वेळ नसतो’ हे खरे असले, तरी ओट्यापाशी उभे राहणे आणि धाप लागेल असे चालणे यांत फरक आहे. लोकलमध्ये तासभर उभे राहण्याने दमणूक होते, व्यायाम होत नाही. मागच्या आठवड्याचे सात दिवस एकेक करून आठवावेत, जानेवारीत केलेला संकल्प आठवू नये. दोन पायऱ्यांमध्ये संभ्रम असेल तर अधिक गुणांची पायरी निवडावी.

आईवडिलांपैकी कोणालाही मधुमेह नसल्यास शून्य, एकाला असल्यास 10, दोघांना असल्यास 20. आपल्याकडे हे उत्तर पुष्कळदा अर्धवट माहितीवर दिले जाते. ‘वडिलांना थोडी शुगर होती, पण गोळ्या नव्हत्या’ असे घरात बोलले जात असेल, तर ते ‘हो’ समजावे. ज्यांची कधी तपासणीच झाली नाही, त्यांच्याबाबत ‘नाही’ हे उत्तर नसून ‘ठाऊक नाही’ हे उत्तर आहे, याचे भान एकूण गुण वाचताना ठेवावे. भावंडांचा मधुमेह या प्रश्नावलीत मोजला जात नाही, फिनलंडच्या प्रश्नावलीत मात्र त्याला गुण आहेत. म्हणून सख्ख्या भावाला किंवा बहिणीला मधुमेह असल्यास डॉक्टरांना तो आवर्जून सांगावा.

आता बेरीज. समजा, 52 वर्षांच्या एक शिक्षिका आहेत, कंबर 86 सेंटिमीटर, आईला मधुमेह, हालचाल हलकी. वयाचे 30, कंबरेचे 10, हालचालीचे 20 आणि आईचे 10 मिळून 70 होतात. गुण 60 किंवा त्याहून अधिक असल्यास जोखीम जास्त, 30 ते 50 असल्यास मध्यम आणि 30 पेक्षा कमी असल्यास कमी समजली जाते. या शिक्षिकेने आणखी विचार न करता रक्त तपासून घ्यावे.

गुणांचा अर्थ लावताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. मूळ अभ्यासात 60 या मर्यादेची संवेदनशीलता 72.5 टक्के आणि विशिष्टता 60.1 टक्के होती. साध्या भाषेत सांगायचे, तर आपल्याला मधुमेह आहे हे माहीत नसलेल्या 100 जणांपैकी 72-73 जण या चाळणीत अडकतात आणि सुमारे 27 जण निसटतात. उलट मधुमेह नसलेल्या 100 जणांपैकी सुमारे 40 जणांना तपासणीला जाण्याचा सल्ला मिळतो. म्हणून 70 गुण आले की धास्तावण्याचे कारण नाही आणि 40 आले की सुटलो असे मानण्याचेही नाही. गर्भारपणात मधुमेह झालेल्या स्त्रिया, पीसीओएस हा अंडाशयांशी निगडित संप्रेरकांचा विकार असलेल्या स्त्रिया, उच्च रक्तदाब असलेले आणि पूर्वी कधीतरी साखर वर आल्याचा अहवाल असलेले लोक यांनी गुण कितीही असोत, तपासणी करून घेणेच योग्य, कारण यांपैकी एकही बाब या चार प्रश्नांत येत नाही.

ग्रामीण भागात आणि वस्त्यांमध्ये आशाताई तिशी ओलांडलेल्यांकडून एक वेगळा फॉर्म भरून घेतात. त्यात तंबाखू आणि दारूचेही प्रश्न असतात, कारण तो मधुमेहासह इतर असंसर्गजन्य आजारांसाठी आहे. चारपेक्षा अधिक गुण आलेल्यांना तपासणीत प्राधान्य मिळते. तंबाखूच्या प्रश्नाला मिश्री आणि मावा हेही ‘हो’च आहेत, हे घरच्यांनी सांगायला संकोचू नये.

तपासणीला जाताना आठ तास काही खाऊ नये, पाणी चालते. आदल्या दोन-तीन दिवसांत मुद्दाम भात-गोड सोडून आहार बदलू नये, नाहीतर नेहमीचे चित्र हाती येत नाही. उपाशीपोटी साखर (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये) 100 ते 125 आल्यास पूर्वमधुमेह आणि 126 किंवा अधिक आल्यास मधुमेह, असा सर्वसाधारण निकष आहे. शक्य असल्यास 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची साखरही पाहावी: 140 ते 199 पूर्वमधुमेह, 200 आणि त्यापुढे मधुमेह. केवळ उपाशीपोटीच्या आकड्यावर थांबल्यास काही रुग्ण नजरेतून सुटतात. गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी 6.5 टक्के किंवा अधिक असल्यास मधुमेह मानतात, पण रक्तक्षय असलेल्या स्त्रियांत किंवा विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत आढळणाऱ्या सिकलसेलच्या रुग्णांत तो आकडा फसवा ठरू शकतो. अशा वेळी प्रत्यक्ष साखर मोजलेली बरी. लक्षणे नसतील तर एकाच अहवालावर निदान पक्के करत नाहीत, तपासणी पुन्हा करतात. घरच्या ग्लुकोमीटरचा आकडा निदानासाठी धरत नाहीत. प्रयोगशाळेतील तपासणीच लागते.

प्रश्नावलीच्या 100 गुणांपैकी वय आणि आईवडील यांचे 50 आपल्या हातात नाहीत, कंबर आणि हालचालीचे 50 मात्र आहेत. वर सांगितलेल्या शिक्षिकेने रोज भरभर चालायला सुरुवात करून हालचालीचे गुण 10 वर आणले आणि कंबर 80 च्या आत आणली, तर त्यांचे गुण 70 वरून 50 वर येतील. तरीही रक्ततपासणी आधी आणि चालणे नंतर, असा क्रम न धरता दोन्ही एकाच आठवड्यात सुरू करावे. तपासणी सामान्य आली, तर प्रश्नावली वर्षातून एकदा पुन्हा भरावी आणि कंबरेचा आकडा तारखेसह अहवालांच्या फाइलमध्ये लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी डॉक्टरांना तुलना करता येते.