पत्र्याच्या छपराचे काम: पाय कुठे ठेवावा आणि पत्रा कोणता घ्यावा

पत्र्याच्या छपरावर काम करताना सर्वांत आधी ठरवावे लागते ते पाय कुठे ठेवायचा हे. पत्रा माणसाचे वजन खात्रीने पेलतो तो खालच्या आडव्या पाइपांच्या ओळीवर, आणि ही ओळ वरून स्क्रूंच्या रांगेवरून ओळखता येते. चालायचे ते त्या रांगेवरूनच. उजेडासाठी बसवलेला फायबरचा पत्रा आणि जुना सिमेंटचा पत्रा यांना मात्र हा नियमही लागू नाही, कारण सिमेंटचा पत्रा वरून शाबूत दिसतो आणि चाहूलही न देता फुटतो. शेवाळ धरल्यावर किंवा रंग मारल्यावर फायबर कुठे आहे तेही वरून कळत नाही, म्हणून चढण्याआधी घरात उभे राहून उजेड येणाऱ्या जागा पाहून ठेवाव्यात. अशा छपरावर किमान तीन पाइपांवर टेकेल अशी आडवी शिडी किंवा जाड फळी टाकून, ती नीट बांधूनच काम करावे. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात बहुधा ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासावाटे फुफ्फुसांना घातक ठरणारे तंतुमय खनिज, असते. तो कापू वा फोडू नये, ओला करून अखंड उतरवावा.

कमरेचा पट्टा पुरेसा नाही. खांद्यांना आणि मांड्यांना धरणारा हार्नेस घालावा आणि त्याचा दोर पन्हळीला किंवा पत्र्याला न बांधता कैचीच्या, म्हणजे छपराचा भार पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याच्या, मजबूत भागाला बांधावा. वारा सुटला असेल तर पत्रे वर चढवूच नयेत. लांब पत्रा वाऱ्यात सापडला की धरणाऱ्यालाच ओढून नेतो. जवळून विजेची तार जात असेल तर आधी वीजपुरवठा बंद करून घ्यावा.

कोकण किनाऱ्यावर साधा जस्ती पत्रा खाऱ्या वाऱ्याने लवकर गंजतो. तेथे 55 टक्के ॲल्युमिनियम असलेल्या मिश्र लेपाचा, म्हणजे गॅल्व्हल्यूमचा, रंगीत पत्रा घ्यावा आणि परवडत असेल तर 0.50 मिलिमीटर जाडीचाच घ्यावा. दुकानदाराला जाडीबरोबर लेपाचे प्रमाणही विचारावे, कारण टिकाऊपणा बराचसा लेपावर ठरतो. 3 जून 2020 रोजी आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात रायगड आणि रत्नागिरीतील असंख्य घरांचे पत्रे उडाले; वाऱ्याची ओढ वळचणीला, आढ्याला आणि कोपऱ्यांना सर्वाधिक बसते, म्हणून तेथे स्क्रू जवळजवळ मारावेत. पावसाळी वारा नैऋत्येकडून येत असल्याने पत्रे उलट टोकापासून बसवत आणावेत, म्हणजे जोडाची उघडी कड वाऱ्याच्या तोंडाशी येत नाही.

स्क्रूचा रबरी वायसर किंचित दबेल इतकाच आवळावा. तो चिरडला की पाणी तेथूनच झिरपते. पत्रा ग्राइंडरने कापू नये, कारण ठिणग्यांनी लेप जळतो. हाताची पत्राकात्री वापरावी. छिद्रे पाडताना पडलेला लोखंडी कीस त्याच संध्याकाळी मऊ झाडूने काढून टाकावा, कारण तो दवात गंजून नव्या पत्र्यावर डाग पाडतो.