परिपाठातला दिनविशेष: या चुका टाळा

२०२३ सालच्या २३ फेब्रुवारीची गोष्ट. परिपाठ आटोपला, पोरं वर्गात गेली आणि पोषण आहाराचं तांदळाचं पोतं टाकायला आलेला माणूस फळ्यासमोर थबकला. फळ्यावर माझ्याच अक्षरात होतं, 'आज श्री गजानन महाराज प्रकट दिन, शेगाव'. तो म्हणाला, "अजी गुर्जी, प्रकट दिन त धा दिवस झाले नं होऊन! मी सोता जेवून आलो महाप्रसाद."

खरं होतं त्याचं. मी फोनवर आलेली तयार यादी बघून उतरवलं होतं. त्याहून लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे २३ फेब्रुवारीला ज्यांची जयंती, त्या गाडगेबाबांचं नावच फळ्यावर नव्हतं. अमरावती जिल्ह्यातली शाळा, आणि फळ्यावर गाडगेबाबा नाहीत!

तेव्हापासून दिनविशेषाची वही मी नव्यानं करायला घेतली. त्यात सापडलेल्या चुका इथे सांगतो. शाळेच्या फळ्यावर लिहिणाऱ्यांना, ग्रामपंचायतीत फोटोला हार घालणाऱ्यांना आणि सकाळी सहा वाजता गावाच्या ग्रुपवर पोस्ट टाकणाऱ्यांना, सगळ्यांनाच त्या लागू आहेत.

तारखेचा दिवस की तिथीचा?

माझ्या मते निम्म्या चुका इथेच होतात. गजानन महाराज शेगावात पहिल्यांदा दिसले ती तारीख २३ फेब्रुवारी १८७८, तिथी माघ वद्य सप्तमी. प्रकट दिन साजरा होतो तो तिथीनं. २०२३ मध्ये ती १३ फेब्रुवारीला आली, २०२४ मध्ये ३ मार्चला, २०२५ मध्ये २० फेब्रुवारीला. चांद्रवर्ष ३५४ दिवसांच्या आसपासचं, म्हणून तिथी दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. मधे अधिक मास आला की एकदम पुढे जाते. म्हणजे 'गेल्या वर्षीच्याच वहीतून उतरवू' हा हिशेब तिथीच्या दिवसाला चालत नाही. महाराजांची पुण्यतिथीही ऋषिपंचमीची. १९१० साली ती ८ सप्टेंबरला होती, एवढाच त्या तारखेचा संबंध.

तुकडोजी महाराजांचं उलटसुलट आहे. जयंती तारखेनं, ३० एप्रिल (जन्म १९०९, यावली), आणि गावोगावी ती ग्रामजयंती म्हणून होते. देहावसान ११ ऑक्टोबर १९६८ चं. पण गुरुकुंज मोझरीला मौन श्रद्धांजली होते ती आश्विन वद्य पंचमीला, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी. ११ ऑक्टोबरला फळ्यावर 'आज मोझरीत मौन श्रद्धांजली' लिहिलं आणि सोहळा दुसऱ्याच दिवशी निघाला, असं सहज होतं. त्यातून कुणी ११/१० हे आकडे महिना आधी धरून वाचले की महाराजांची पुण्यतिथी १० नोव्हेंबरला जाते. तारीख लिहिताना महिना अक्षरात लिहावा, आकड्यात नाही.

काही दिवस मात्र दोन्ही बाजूंनी खरे असतात. तिथे वाद घालू नका. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली, त्या दिवशी दसरा होता. म्हणून दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीलाही गर्दी आणि १४ ऑक्टोबरलाही. चंद्रपूरची दीक्षा दोन दिवसांनी, १६ ऑक्टोबरला. दोन्ही एकाच ओळीत कोंबू नका. चिमूर आणि आष्टीचा उठाव १६ ऑगस्ट १९४२ चा, त्या दिवशी नागपंचमी होती. तारखेनं लिहा, पण नागपंचमीच्या दिवशी एखाद्या म्हाताऱ्यानं हुतात्म्यांची आठवण काढली तर त्याला खोडू नका.

फोनमधलं पंचांग

एकदा एका तरुण सरांनी मला ठामपणे सांगितलं, "प्रकट दिन फाल्गुन कृष्ण सप्तमीचा आहे, ॲपमध्ये बघा." ॲप खोटं बोलत नव्हतं, ते उत्तरेकडचं होतं. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. शुद्ध पक्षात दोघांची नावं जुळतात, वद्य पक्षात त्यांचा महिना आपल्या एक पुढे असतो. आपला पोळा श्रावण अमावास्येचा. त्या ॲपमध्ये तीच अमावास्या भाद्रपदाची दिसेल. दिवस एकच, नाव वेगळं. ॲपच्या सेटिंगमध्ये 'अमान्त' निवडा. ते जमत नसेल तर स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेलं मराठी कॅलेंडर बघा, ते बिनचूक आहे.

शेगाव, शेंडगाव, सेगाव

या तीन गावांनी जितका घोळ घातला तितका कुणीच घातला नसेल. शेगाव बुलडाणा जिल्ह्यात, गजानन महाराजांचं. शेंडगाव अमरावती जिल्ह्यात, डेबूजी झिंगराजी जाणोरकर म्हणजे गाडगेबाबांचं जन्मगाव (१८७६). सेगाव वर्ध्याजवळचं; गांधीजी तिथे ३० एप्रिल १९३६ ला आले. त्यांची टपाल शेगावला जाऊ लागली, म्हणून १९४० मध्ये गावाचं नावच सेवाग्राम केलं. खुद्द गांधीजींची पत्रं चुकत होती, तिथे आपल्या फळ्याचं काय घेऊन बसलात! त्यात फोनवर 'शेंड' टाइप केलं की तो पुढे 'शेगाव' सुचवतो, आणि २३ फेब्रुवारीला दोन्ही नावं डोक्यात असतात. बाबांचं निधनही नीट लिहा: २० डिसेंबर १९५६, अमरावतीला नेताना वलगावजवळ, पेढी नदीपाशी. समाधी अमरावतीत.

आष्टीचंही तसंच. हुतात्म्यांची आष्टी वर्धा जिल्ह्यातली. बीडला एक आष्टी आहे, गडचिरोलीत एक आहे. जिल्हा लिहिल्याशिवाय गावाचं नाव लिहू नका.

जिल्हा लिहिताना पुन्हा एक खड्डा. गडचिरोली जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला, वाशीम १ जुलै १९९८ ला, गोंदिया १ मे १९९९ ला. त्याआधीच्या घटनेला 'आजच्या गडचिरोली जिल्ह्यातलं' असं लिहावं. राज्याचंही तेच. १ मे १९६० ला विदर्भ महाराष्ट्रात आला हे खरं, पण मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला १ नोव्हेंबर १९५६ ला. म्हणजे धम्मदीक्षा झाली त्या दिवशी नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती! हे सातवीच्या पोरांना सांगितलं तर विश्वास ठेवत नाहीत.

'पहिले' आणि 'कितवी'

२७ डिसेंबरला बहुतेक फळ्यांवर असतं, 'भारताचे पहिले कृषिमंत्री डॉ. पंजाबराव देशमुख'. भाऊसाहेबांबद्दल मला कमालीचा आदर आहे, पण १९४७ च्या मंत्रिमंडळात अन्न व कृषी खातं राजेंद्रप्रसादांकडे होतं. भाऊसाहेब १९५२ च्या निवडणुकीनंतर आले. 'स्वतंत्र भारताचे कृषिमंत्री' लिहिलं तर त्यांचं काही कमी होत नाही.

मोजणीतली गफलत साधी आहे. गाडगेबाबांचा जन्म १८७६, पहिली जयंती १८७७, म्हणून २०२६ ची १५० वी. स्वातंत्र्यदिनाचं वेगळं: १५ ऑगस्ट १९४७ हाच पहिला, म्हणून २०२५ चा ७९ वा, वर्षं पूर्ण ७८. दोन्हीकडे एकच वजाबाकी लावली की घोळ झालाच.

आणि कृपा करून 'पुण्यतिथीच्या हार्दिक शुभेच्छा' देऊ नका. दरसाल २० डिसेंबरला आमच्या ग्रुपवर चार-दोन तरी येतात. अभिवादन म्हणा, स्मृतिदिन म्हणा.

गावच्या माणसाची तारीख

१ जुलै हा वसंतराव नाईकांचा जन्मदिवस (गहुली, १९१३), कृषी दिन. आमच्या गावातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांचाही वाढदिवस १ जुलैच! आईबाप म्हणायचे, "पोळ्याच्या आंगंमांगं झाला", आणि गुरुजी दाखल करताना १ जुलै टाकून मोकळे. तेव्हा गावातल्या एखाद्या सत्याग्रहीची जयंती लावायची असेल तर शाळेच्या दाखल्यावर भिस्त ठेवू नका. तहसीलमधून जुन्या कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल काढा. मोडी लिपीत असेल तर वाचणारा शोधावा लागतो, तेवढा त्रास घ्या.

फळ्यावर चूक गेलीच, तर फडक्यानं गुपचूप पुसू नका, पोरांनी ती वहीत उतरवलेली असते. दुसऱ्या दिवशी परिपाठात सांगा, 'काल चुकलं, बरोबर असं आहे'. ग्रुपवर मूळ पोस्ट काढून टाका आणि खाली दुरुस्ती लिहा, कारण ती तोवर तीन गावांत गेलेली असते. त्या फेब्रुवारीत मी २४ तारखेला गाडगेबाबांवर दहा मिनिटं बोललो, आणि पुढच्या पोत्याच्या वेळी त्या माणसाला वहीतलं पान दाखवलं. त्यानं बोट ठेवून 'शेंडगाव' वाचलं आणि म्हणाला, "हां, आता बराबर हाय."