सिव्हिलवालीचा इतिहास

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी आम्हाला मानव्यशाखेतला एक विषय घ्यावाच लागायचा. लिंक रात्री बाराला उघडली. दहा मिनिटांत मानसशास्त्र भरलं, मग अर्थशास्त्र. मला जाग आली सकाळी सातला, तेव्हा इतिहास तेवढा उरला होता.

चौथीचं शिवाजी महाराजांचं पुस्तक मी आवडीनं वाचलं होतं. त्यानंतर नुसती सनावळी. दहावीचा पेपर टाकला आणि सुटले एकदाची, असंच वाटलं होतं.

आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे बीएस्सी-बीकॉमच्या मुलांनाही दुसऱ्या शाखेतले विषय घ्यावे लागतात. त्यामुळे ज्युनिअर विचारतात, "ताई, इतिहास घेऊ का? आणि तो सगळ्यांच्या माथी मारायचा कशाला?" माझं मत सांगते. एक सत्र तरी सगळ्यांना असावा. माझ्यासारख्या मुली आपण होऊन त्या वर्गाकडे फिरकणार नाहीत. मात्र नुसती सक्ती करून काय होतं तेही बघितलंय. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 'पर्यावरण' सगळ्या पदवीधरांना सक्तीचं झालं. आमच्या वर्गात त्याचं काय झालं? एकीनं प्रोजेक्ट लिहिला, साठ जणांनी उतरवला. मुखपृष्ठावरचं झाडसुद्धा तेच! इतिहासाचा पेपर 'टिपा लिहा' छापाचा असेल, तर त्याचीही हीच गत होणार.

आमचं नशीब की सरांनी लेखी परीक्षा ठेवलीच नाही. म्हणाले, तुमच्या शाखेशी जोडलेली पुण्यातली एक घटना घ्या, दोन वेगवेगळे पुरावे शोधा आणि ते कुठे जुळत नाहीत ते लिहा. मी पानशेत घेतलं.

१२ जुलै १९६१, बुधवार. आंबी नदीवरचं मातीचं पानशेत धरण सकाळी फुटलं. तो लोंढा पेलवला नाही म्हणून खाली मुठेवरचं इंग्रजांच्या काळातलं दगडी खडकवासला धरणही फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. माती कशी दबते, धरणाच्या पोटातून जाणाऱ्या नळाभोवती ती कशी खचते, हे सगळं आम्ही मृदा यांत्रिकीत शिकलो होतो. आकृत्यांसकट. पण पाणी सोडायच्या व्यवस्थेचं काम अपुरं असताना पाणी साठलं आणि नेमकं हेच चाळीसेक किलोमीटरवर घडलं, हे त्या तासाला कुणी बोललं नव्हतं. आदल्या रात्री जवान तिथे वाळूची पोती रचत होते, हेही नाही.

पहिला पुरावा जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली. दुसरा म्हणजे गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीतल्या एक आजी. मी वीस प्रश्नांचा छापील कागद घेऊन गेले, हीच चूक. पहिलाच प्रश्न, "पाणी किती वाजता आलं?"

"घड्याळ बघायला वेळ होता होय गं?"

कागद पिशवीत गेला. चहा झाला. मग त्या आपणहून सांगायला लागल्या. पाणी बघायला माणसं पुलावर चालली होती, जत्रेला जावं तशी. आजींनी भाताचं पातेलं चुलीवरून उतरवलं आणि तसंच हातात घेऊन माडी चढल्या. "पोरगं काखेत आणि पातेलं हातात. दागिन्यांचा डबा खालीच राहिला बघ." वाडा शनिवार पेठेतला, मातीच्या भिंतींचा, पाण्यानं बसला. वर्तमानपत्रात पडलेल्या घरांचे आकडे होते, पण पातेलं नव्हतं. आणि आजींच्या सांगण्यात खडकवासला नव्हतंच. त्यांच्या लेखी फुटलं ते पानशेत, बास.

तुम्ही घेणार असाल तर थोडं सांगते. परीक्षा कशी घेणार हे आधी विचारा. नोट्सवर भागणार असेल तर दुसरा विषय बरा. विषय बसनं जाता येईल इतका जवळचा घ्या. पेशवे दफ्तराचा मोह पहिल्या फटक्यात नको, कागद जुन्या मोडी लिपीत आहेत आणि मोडी एका सत्रात डोळ्यांत बसत नाही. जुन्या मराठी कागदांत शक दिसला की इसवी सन काढायला ७८ मिळवा, पौष ते फाल्गुनातली तारीख असेल तर बहुतेक वेळा ७९. मी हे एकदा विसरले आणि एक विहीर वर्षभर आधी खोदून बसले. माणसांकडे जाताना रेकॉर्डर चहाच्या आधी काढू नका.

अहवाल अकरा पानांचा झाला, बी ग्रेड मिळाली. धरण का फुटलं यावर मी ऐटीत दोन पानं खरडली होती, सगळी पाठ्यपुस्तकातून. तिथे सरांनी लाल पेनानं लिहिलं होतं, "हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या वेळी तिथल्या इंजिनिअरांना काय ठाऊक होतं?"