घाट चढायचाय म्हणून जाड ऑइल? ग्रेड निवडताना या चुका टाळा

पुण्यात गाडी सर्व्हिसिंगला टाकली की हा संवाद ठरलेला: "साहेब, वीसचं ऑइल म्हणजे नुसतं पाणी. तुम्ही साताऱ्याला जाता, खंबाटकी चढता. चाळीस टाकू." मेकॅनिकचा हेतू वाईट नसतो, त्याचा हात जुन्या इंजिनांवर बसलेला असतो. पण ०डब्ल्यू-२० या ग्रेडसाठी (डब्ल्यूआधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं याचा, नंतरचा तापल्यावर ते किती जाड राहतं याचा) बनलेल्या इंजिनात ऑइल नुसतं वंगण नसतं. व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणाही बहुतेक गाड्यांत त्याच्याच दाबावर चालते. ऑइल फार जाड झालं की ती आळसावते आणि ॲव्हरेजही थोडं पडतं.

दुसरी चूक पहिल्या आकड्याची. "पुण्यात कुठे बर्फ पडतो, शून्य कशाला?" प्रश्न रास्त आहे. शून्य आणि पाच यांतला खरा फरक उणे तीस-पस्तीस अंशांच्या चाचणीत दिसतो, आपल्या डिसेंबरात तो किरकोळच. म्हणून ०डब्ल्यू-२० मिळालं नाही आणि मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-२० ला परवानगी असेल, तर बिनधास्त टाका. मात्र शून्य बघून ऑइल गरम झाल्यावरही जास्त पातळ राहतं असं समजू नका. २० अंशांच्या सकाळीसुद्धा ते १०० अंशांच्या मानाने दहापटीच्या आसपास घट्ट असतं.

खरा निर्णय दुसऱ्या आकड्याचा. १५० अंशांना, जोरदार घर्षणात ऑइलचा घट्टपणा किती उरतो याची किमान मर्यादा २० ला २.६, ३० ला २.९ आणि ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यू-४० ला ३.५ मिलिपास्कल-सेकंद (घट्टपणाचं एकक) असते. एप्रिलच्या ४० अंशांचा इथे फारसा संबंध नाही, कारण कूलंटचं तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो. ऑइल तापतं ते लोडमुळे: पाच माणसं, सामान, एसी आणि तासभर घाट. महिन्यातून चार वेळा असं जाणाऱ्याने मॅन्युअलमधला तक्ता उघडावा. तिथे ५डब्ल्यू-३० दिलेलं असेल तर मी तेच घेईन. नसेल, तर घाट कितीही असोत, २० वरच राहीन.

उलट्या दिशेची चूक जास्त महाग पडते. ॲव्हरेजच्या लोभाने ५डब्ल्यू-३० च्या गाडीत ०डब्ल्यू-१६ ओतू नये. १६ फक्त ज्या इंजिनासाठी सांगितलंय त्यालाच.

ऑइल कमी होतंय, निळसर धूर येतोय, म्हणून ग्रेड वाढवणं म्हणजे ताप आला की थर्मामीटर फोडणं. आधी व्हॉल्व्ह सील, पिस्टन रिंग आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनात साचलेले वायू बाहेर काढणारा) तपासायला सांगा. ऑइलचा लाल दिवा लुकलुकत असेल तर गाडी तिथेच बंद करून पातळी बघा. ग्रेडची चर्चा नंतर.

पातळी उलट वाढलेली दिसली तर? कोथरूड ते डेक्कन अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेल गाडीत फिल्टरची सफाई अर्धवट राहिली की डिझेल उतरतं. अशा ऑइलला इंधनाचा वास येतो, ते पातळ होतं, आणि मग लोक जाड ग्रेड मागतात. त्यापेक्षा ऑइल किलोमीटर भरायच्या आधीच बदला आणि अधूनमधून गाडी हायवेवर अर्धा तास सलग पळवा. डीपीएफवाल्यांनी ग्रेडइतकंच डब्यावरचं एसीईए (युरोपातल्या गाडी उत्पादकांची संघटना) सी२ किंवा सी३ हे मानांकनही मॅन्युअलशी जुळवावं. साध्या ऑइलची राख फिल्टरमध्ये साचत जाते.

डिपस्टिक बघताना गाडी सपाट जागेवर हवी आणि इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली हवीत. सोसायटीच्या उतरत्या रॅम्पवर घेतलेल्या रीडिंगवरून गॅरेजवाल्याशी भांडू नका.