घटस्फोटाआधीच जोडीदाराने देश सोडला तर?

गोव्याच्या कितीतरी घरांत नवऱ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट, बायकोकडे भारतीय आणि संसार आयर्लंडमध्ये. असं लग्न मोडायची वेळ आली, तर बायकोचा तिथे राहण्याचा हक्क टिकावा म्हणून घटस्फोटाचा अर्ज न्यायालयात दाखल होण्याची तारीख जपा. युरोपीय संघाच्या २००४ च्या निर्देशानुसार त्या दिवशी लग्नाला किमान ३ वर्षं झालेली हवीत, त्यातलं १ वर्ष त्याच देशातलं. शिवाय नवरा तेव्हा तिथेच राहत असायला हवा. तो आधीच निघून गेला असेल, तर नंतरच्या अर्जाने या आधारावरचा हक्क टिकत नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१५ मध्ये तसा निकाल दिला आहे. आयर्लंडमध्ये तर घटस्फोटासाठी अर्जाआधीच्या ३ वर्षांत २ वर्षं वेगळं राहिलेलं लागतं, म्हणून वेगळं होतानाच वकील गाठा.

घरात मारहाण होत असेल, तर ३ वर्षांची अट आड येत नाही. पोलिसांतली तक्रार, डॉक्टरांचे कागद मात्र जिवापाड सांभाळा. मुलांचा ताबा असेल तरीही वेगळा मार्ग आहे.

हक्क टिकवायला स्वतःची कमाई किंवा पुरेसे पैसे दाखवावे लागतात, म्हणून स्वतःच्या पगाराच्या पावत्या जपून ठेवा. आणि हो, नवरा पासपोर्ट असलेल्या स्वतःच्याच देशात, म्हणजे पोर्तुगालमध्ये, राहत असेल, तर हा निर्देश लागू होत नाही. तिथला कायदा पाहावा लागतो.