स्वतःला झोडपणं बंद कसं करायचं, आपल्या मराठवाडी पद्धतीनं

एक वही घ्या. नवी आणायची गरज नाही, लेकरांची अर्धी उरलेली चालते. आता मागच्या आठवड्यात काहीतरी बिघडलं असेलच, टेस्टला मार्क पडले नाहीत, सोयाबीन घाईत विकलं आणि दुसऱ्या दिवशी भाव चढला, पाहुण्यांसमोर भाजी खारट झाली, काहीही असो, तेव्हा मनातल्या मनात स्वतःला काय बोललात ते जसंच्या तसं लिहा. 'मला वाईट वाटलं' असलं सभ्य वाक्य नको. 'तुझ्याच्यानं काय होतंय का मुडद्या', 'बापाच्या पैशाचं वाटोळं केलंस', 'थोबाड बघ आधी आरशात', जे असेल ते, शिवी असेल तर शिवीसकट.

लिहून झालं की एकदा मोठ्यानं वाचा आणि बघा हा आवाज कुणाचा येतोय. बऱ्याच जणांना तिथं स्वतःचा आवाज सापडतच नाही. कुणाला बाप ऐकू येतो, कुणाला आठवीचे गणिताचे सर, कुणाला ती आत्या जी दर लग्नात भेटली की 'पोरगी अजून सावळीच हाय की' म्हणते. त्यांच्यावर डूख धरा असं मी म्हणत नाही, त्यांनाही कुणीतरी तसंच बोललेलं असतंय. फक्त एवढं ध्यानात घ्या की हा काही देवाघरचा निकाल नाही, कानावर पडून पडून बसलेली बोलायची पद्धत आहे. आणि पद्धत बदलता येते, हळू का होईना.

आता लगेच कुणीतरी म्हणणार, हे लाड झाले, स्वतःला गोंजारत बसलं तर माणूस आळशी होतंय. आपल्याकडं तर हे फारच पक्कं बसलेलंय, 'छडी लागे छम छम' वाल्या शाळांत शिकलोय आपण. पण हे तपासून बघितलेलंय लोकांनी. अमेरिकेत बर्कली विद्यापीठात २०१२ ला एक प्रयोग छापून आला, त्यात विद्यार्थ्यांना मुद्दाम अवघड पेपर दिला, बहुतेकांचा तो वाईट गेला. मग काही जणांना सांगितलं की असा पेपर सगळ्यांनाच जड जातो, स्वतःला फार बोलू नका, काहींना सांगितलं तुम्ही हुशारच आहात म्हणून इथं आलात, आणि काहींना काहीच सांगितलं नाही. पुढच्या पेपरसाठी सगळ्यात जास्त वेळ अभ्यासाला कोण बसलं असेल? ज्यांना स्वतःवर दया करायला सांगितलं होतं ते. मला यात नवल वाटत नाही. स्वतःला झोडपलं की छाती धडधडते, पुस्तक उघडलं की आधी लाज समोर येते आणि माणूस पुस्तक मिटून रील बघत बसतो. आळस म्हणतो आपण त्याला, पण ती भीती असते.

या विषयावर सगळ्यात आधी नीट काम केलं ते टेक्सास विद्यापीठाच्या क्रिस्टिन नेफ यांनी, २००३ मध्ये. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. स्वतःशी मायेनं वागा, हे फक्त माझ्याच नशिबाला आलंय असं समजू नका, आणि जे दुखतंय ते झाकूही नका आणि त्याचा डोंगरही करू नका. ऐकायला साधं आहे. करायला बसलं की कळतं किती अवघड आहे ते.

दुसऱ्या गोष्टीपासून सुरू करा

पुस्तकी क्रमानं मायेपासून सुरू करतात, पण माझं मत असं की आपल्या लोकांना एकदम स्वतःशी गोड बोलायला सांगितलं की हसू येतं. त्यापेक्षा हिशोब बघा, हिशोब आपल्याला कळतो.

लातूरला, नांदेडला क्लास लावलेल्या पोरांसाठी सांगतो. २०२४ ला नीटला देशभरात २३ लाखांवर पोरं बसली. एमबीबीएसच्या जागा सरकारी खासगी सगळ्या धरून सव्वा लाखाच्या आत. म्हणजे समजा सगळ्यांनी दिवसाला अठरा तास अभ्यास केला, सगळ्यांनी इन्स्टा डिलीट केलं, सगळ्यांच्या मायनं उपास धरले, तरी वीस लाखांच्या वर पोरं बाहेर राहणारच. हे तुमच्या नालायकीचं गणित नाही, जागांचं गणित आहे. रूमवर एकटं पडून छताकडं बघत 'मीच एक कमनशिबी' म्हणायलाय ना, त्याच मिनिटाला त्याच गल्लीत बाजूच्या दहा रूमवर दहा जण तेच म्हणायलेत. एकाचं तरी दार वाजवा. अभ्यासाचं बोलायला नको, चहाला चल म्हणा.

शेतीचं बी तसंच. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर झाला होता आणि आडतीवर माल चार-सव्वाचार हजारानं चालला होता. घरी येऊन माणूस काय म्हणतो, 'मलाच शेती जमंना, भाऊ बघ कसा शहरात गेला'. वहीत मधोमध रेघ मारा. एका बाजूला लिहा मी काय केलं, दुसऱ्या बाजूला माझ्या हातात नसलेलं काय घडलं: पावसाचा खंड, पिवळा मोझॅक, भाव, बँकेची तारीख. चूक असेल ती पहिल्या बाजूला इमानदारीनं लिहायचीच, फवारणीला आठ दिवस उशीर केला तर केला. पण दुसऱ्या बाजूचं ओझं पहिल्या बाजूला ढकलायचं नाही. यानं कर्ज फिटत नाही हे मलाही कळतं, आणि भावासाठी भांडायचं ते भांडायचंच. स्वतःला माफ केलं म्हणून सरकारला माफ करायची गरज नाही.

मग बोलायचं कसं

मोबाईलवर फिरणारी वाक्यं असतात ना, 'मी परिपूर्ण आहे', 'मी प्रेमास पात्र आहे', ती सोडा. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात २००९ मध्ये हे करून बघितलं होतं, ज्यांना आधीच स्वतःबद्दल कमीपणा वाटतो त्यांना असली वाक्यं घोकायला लावल्यावर उलट आणखी वाईट वाटलं. साहजिक आहे, मन काही येडं नाही, खोटं लगेच ओळखतं.

त्यापेक्षा स्वतःला नावानं हाक मारा, जसं घरचे मारतात तसं. बाळ्या, पप्या, छकुली, ताई, जे असेल ते. 'बाळ्या, दमलास रे. पेपर वाईट गेला, गेला. आधी चार घास खा, मग बघू.' मिशिगन विद्यापीठातल्या इथन क्रॉस यांचं २०१४ चं काम आहे यावर, 'मी मी' करण्यापेक्षा स्वतःला नावानं बोललं की माणूस ताणात कमी बावचळतो. आपल्याला हे परकं नाहीच, जालना जिल्ह्यातल्या जांबचे समर्थ सुद्धा मनाला सज्जन म्हणूनच हाक मारतात, त्याला नालायका म्हणत नाहीत. घरच्या बोलीतच बोला. पुस्तकी मराठीत स्वतःची समजूत घातली तर शाळेतलं भाषण वाटतं आणि ते मनापर्यंत पोचत नाही.

वाक्य खरं पाहिजे, एवढीच अट. 'तू लई हुशार हायस' खोटं वाटत असेल तर म्हणू नका. 'तुला भ्या वाटायलंय, आणि वाटणारच' हे खरं आहे. कुणाला छातीवर हात ठेवल्यानं बरं वाटतं, कुणाला ओशाळल्यासारखं होतं. नसेल जमत तर कोमट पाण्यानं तोंड धुवा, हातपाय धुवा, तेही चालतं.

बायकांसाठी यात एक वेगळं सांगायचंय. वहिनी, मावशी, ताई, तुम्हाला वही-बिही नको, तुम्ही रोज एक भाकरी तव्यावरून थेट स्वतःच्या ताटात घ्या आणि गरम खा. सगळ्यांचं झाल्यावर उरलेली वाळकी नाही. हसू नका, करून बघा, पहिल्या दिवशी किती चोरट्यासारखं वाटतं ते बघा. ते चोरटेपण म्हणजेच तो आवाज, जो सांगतो की तुझा नंबर शेवटी. घरातलं कुणी बोललं तर 'गरम खावं वाटलं' एवढंच सांगायचं, कारण द्यायचं नाही.

गोरोबाकाकांचं थापटणं

'आहे तसं स्वीकारायचं' म्हटलं की लोकांना वाटतं म्हणजे सुधारायचंच नाही. यावर आपल्याच भागातली गोष्ट आहे, सगळ्यांनी ऐकलेली, पण मला वाटतं तिच्यातला एक भाग आपण सोडून देतो. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईनं मडकी थापटायचं थापटणं बघून विचारलं हे काय, काका म्हणाले यानं मडकं पक्कं का कच्चं ते कळतं. मग सगळ्यांची डोकी थापटून बघायची ठरली. बाकीचे गुमान बसले, नामदेव महाराज चिडले. काकांनी सांगून टाकलं, हे मडकं कच्चं. नामदेव रुसून पंढरपूरला गेले, तिथून विठ्ठलानं त्यांना विसोबा खेचरांकडं पाठवलं, औंढ्याला. आणि हेच नामदेव पुढं पंजाबपर्यंत गेले. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत, आपल्या नांदेडच्या गुरुद्वारातही तोच ग्रंथ.

कीर्तनात जोर 'पुढं मोठे झाले' यावर असतो. माझं लक्ष जातं ते दुसरीकडं. कच्चे होते तेव्हाही नामदेव त्याच पंक्तीत बसलेले होते, कुणी उठवलं नाही. काकांनी मडकं कच्चं म्हटलं, फोडून टाका म्हटलं नाही. आणि नामदेवांना राग आला, अपमान वाटला, तोही वारकऱ्यांनी गोष्टीतून गाळला नाही, सातशे वर्षं तसाच सांगतात. तेव्हा स्वतःचा कच्चेपणा बघताना एवढंच करायचं: काय कच्चं आहे ते नेमकं सांगायचं. 'फिजिक्सचं रोटेशन कच्चं आहे', 'राग आवरत नाही', 'पैशाचा हिशोब ठेवता येत नाही'. 'मीच कच्चा' एवढं मोघम म्हणून सोडून दिलं तर सुधारायला कुठून हात घालणार.

लग्नातले प्रश्न

हे थोडक्यात. 'सध्या काय करायलास?', 'पाळणा कधी हलणार?', 'वजन वाढलं की गं' याची उत्तरं घरून पाठ करून जा. एक वाक्य, हसून, आणि लगेच त्यांनाच प्रश्न: 'चालूय काका प्रयत्न, तुमच्या गुडघ्याचं काय झालं?' गुडघ्याचा विषय निघाला की पुढची पंधरा मिनिटं तुमच्याकडं कुणी बघत नाही. खोटं बोलायची गरज नाही आणि सगळं उघडं करायचीही नाही. एमपीएससीचा तिसरा अटेम्प्ट चाललेल्यांनी तर हे पाठच ठेवावं.

रडू आलं तर

पहिल्यांदा स्वतःशी नीट बोललं की काही जणांना बरं वाटायच्या ऐवजी भडभडून येतं, किंवा उगाच राग येतो, की एवढी वर्षं असं कुणीच का बोललं नाही मला. हे होतं, घाबरू नका. तेवढ्यापुरतं थांबा, उठा, अंगणात जा, पायाखालची फरशी नाहीतर माती जाणवू द्या, गोठ्यात काम असेल तर करा. दुसऱ्या दिवशी परत, थोडंसंच.

पण काही गोष्टी वहीनं निभत नाहीत. दोन-तीन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन नाही, किंवा मरणाचे विचार यायलेत, तर एकट्यानं झेलायचं नाही. टेली मानस म्हणून सरकारची हेल्पलाइन आहे, १४४१६, २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, फुकट, रात्री-बेरात्री कधीही लावा, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथं जाणं म्हणजे येडं होणं नव्हे. आणि घरात फवारणीचं औषध असेल तर ते आजच कुलपात टाकून चावी दुसऱ्या कुणाकडं तरी द्या, किंवा शेजाऱ्याच्या गोदामात ठेवा. तो विचार बऱ्याचदा थोड्या वेळासाठी फार जोरात येतो आणि ओसरतो, तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं की जीव वाचतो. हे वाचून मनात दुसऱ्या कुणाचा चेहरा आला असेल तर त्याला सरळ विचारा, जीव द्यावा वाटतो का म्हणून. विचारल्यानं डोक्यात नसलेलं घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

आई-बापांनो, तुम्ही वाचत असाल तर निकालाच्या दिवशी पहिला तास मार्कांवर काहीही बोलू नका, नातेवाईकांचे फोन तुम्ही उचला आणि 'नंतर सांगतो' म्हणून ठेवा, पोराच्या हातात फोन देऊ नका. कॉलेज, रिपीट, दुसरा कोर्स ही बोलणी दोन दिवसांनी केली तरी काही बिघडत नाही, फॉर्मच्या तारखा तेवढ्या बघून ठेवा.