जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी बसवताना

लॅपटॉप जुना झाला आणि संथ वाटू लागला की दोष बहुतेक वेळा प्रोसेसरला दिला जातो. प्रत्यक्षात आठ-दहा वर्षांपूर्वीचा मध्यम प्रतीचा प्रोसेसरही लेखन, हिशेब, ईमेल आणि व्हिडिओ पाहणे यांसाठी पुरेसा असतो. तो बराचसा वेळ हार्ड डिस्ककडून माहिती येण्याची वाट पाहत थांबलेला असतो. हे स्वतः तपासून पाहता येते. विंडोज सुरू झाल्या झाल्या टास्क मॅनेजर उघडावा. डिस्कच्या रकान्यात १०० टक्के, प्रोसेसरच्या रकान्यात जेमतेम १०-१५ टक्के आणि डिस्कचा प्रत्यक्ष वाचनवेग सेकंदाला एक-दोन मेगाबाइट असे चित्र दिसले, तर अडचण कुठे आहे याबद्दल शंका उरत नाही. याउलट प्रोसेसरच सतत १०० टक्क्यांवर असेल, तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क, बसवून फारसा फरक पडणार नाही. रॅम ४ जीबी असेल, तर शक्य असल्यास तीही त्याच वेळी वाढवावी, कारण मागचे झाकण एकदा उघडल्यावर ते काम पाच मिनिटांचे असते.

हार्ड डिस्क इतकी मागे का पडते, हे समजले की कोणती एसएसडी घ्यावी हेही आपोआप समजते. लॅपटॉपमधील साधारण हार्ड डिस्कची चकती मिनिटाला ५४०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी असलेली माहिती हेडखाली, म्हणजे चकतीवरून माहिती वाचणाऱ्या टोकाखाली, येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी थांबावे लागते आणि त्याआधी हेडला योग्य जागी सरकायला आणखी दहा-बारा मिलिसेकंद लागतात. याचा अर्थ, इकडेतिकडे विखुरलेले छोटे तुकडे वाचायचे असतील, तर सेकंदाला साठ-सत्तर तुकड्यांच्या फार पुढे ती जाऊ शकत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होताना मात्र अशाच हजारो छोट्या फाइल वाचल्या जातात. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्यामुळे तोच तुकडा साधारण एक दशांश मिलिसेकंदात किंवा त्याहूनही कमी वेळात हाती येतो.

म्हणून खोक्यावर छापलेल्या सेकंदाला ५५० मेगाबाइट या आकड्याला जुन्या लॅपटॉपच्या बाबतीत मी फारसे महत्त्व देत नाही. तुमच्या लॅपटॉपमध्ये ३ गिगाबिटचा जुना साटा (डिस्क जोडण्याची पद्धत) असेल, तर वेग २७०-२८० मेगाबाइटच्या आसपास अडेल. पण वाट पाहण्याचा वेळ तेवढाच कमी होईल आणि रोजच्या वापरात जाणवतो तो हाच फरक. महागड्या, सर्वांत वेगवान एसएसडीवर खर्च करण्यापेक्षा साधी पण विश्वासू एसएसडी थोड्या जास्त क्षमतेची घेणे शहाणपणाचे आहे.

खरेदीपूर्वी लॅपटॉपमध्ये नेमकी कोणती जागा आहे, हे पाहणे अत्यावश्यक आहे. लॅपटॉपच्या तळाशी असलेला मॉडेल क्रमांक घेऊन उत्पादकाची सर्व्हिस मॅन्युअल शोधावी. त्यात झाकण कसे उघडावे याची चित्रेही बहुधा असतात. हार्ड डिस्क असलेल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा जागा असते आणि तिथे अडीच इंची एसएसडी तशीच बसते. जुन्या डिस्कची जाडी ९.५ मिलिमीटर आणि एसएसडीची ७ मिलिमीटर असू शकते; अशा वेळी अडीच मिलिमीटरची प्लॅस्टिकची चौकट वर लावावी लागते, नाहीतर डिस्क जागेत हलत राहते.

एम.२ प्रकारची, म्हणजे पातळ पट्टीसारखी एसएसडी बसणारी, जागा असेल, तर अधिक काळजी घ्यावी लागते, कारण दिसायला सारख्या असलेल्या एम.२ पट्ट्या दोन वेगळ्या भाषा बोलतात: काही साटा आणि काही एनव्हीएमई. पट्टीवर दोन खाचा असल्यास ती बहुधा साटा असते आणि एकच खाच असल्यास बहुधा एनव्हीएमई. पण खाचेवरून अंतिम निर्णय घेऊ नये. पट्टी व्यवस्थित बसते, स्क्रूही लागतो आणि तरी लॅपटॉपला ती दिसतच नाही, असे होऊ शकते. लांबीही पाहावी: २२८० म्हणजे रुंदी २२ आणि लांबी ८० मिलिमीटर, तर २२४२ ही ४२ मिलिमीटर लांबीची. काही पातळ लॅपटॉपमध्ये साठवणुकीच्या चिप मदरबोर्डलाच जोडलेल्या असतात. तिथे हा बदल करता येत नाही.

आयुष्याची भीती अनेकांच्या मनात असते. समजा, एखाद्या ५०० जीबी एसएसडीवर ३०० टीबी लेखनाची हमी आहे आणि तुम्ही रोज २० जीबी लिहिता. हिशेब केला तर ही मर्यादा गाठायला १५,००० दिवस, म्हणजे ४१ वर्षे लागतील. त्याआधी लॅपटॉपच निवृत्त झालेला असेल.

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी

या संपूर्ण कामात धोक्याची गोष्ट स्क्रू काढणे ही नाही. धोका माहितीला असतो आणि तो बहुतेक वेळा घाईमुळे उद्भवतो. म्हणून महत्त्वाच्या फाइल आधी तिसऱ्याच ठिकाणी, म्हणजे जुनी डिस्क आणि नवी एसएसडी सोडून वेगळ्या डिस्कवर किंवा क्लाउडवर उतरवून घ्याव्यात आणि त्यातल्या दोन-चार तिथून उघडून पाहाव्यात. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर मी विसंबत नाही.

त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रामने जुन्या डिस्कची तब्येत पाहावी. रीअलोकेटेड सेक्टर (खराब झाल्यामुळे बदललेले भाग) आणि करंट पेंडिंग सेक्टर (वाचता न आलेले संशयित भाग) या दोन ओळींतील आकडे शून्य असतील, तर पुढे जावे. पेंडिंगचा आकडा शून्याहून जास्त असेल, तर काही भाग वाचताना डिस्क अडखळत आहे असे समजावे. अशा डिस्कचे नेहमीच्या पद्धतीने क्लोनिंग, म्हणजे नव्या डिस्कवर हुबेहूब नक्कल, करण्याच्या फंदात न पडता आधी फक्त गरजेच्या फाइल बाहेर काढाव्यात आणि नव्या एसएसडीवर सिस्टिम नव्याने टाकावी. बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) सुरू असल्यास त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी आणि काम होईपर्यंत बिटलॉकर बंद ठेवावा.

क्लोन करावे की सिस्टिम नव्याने टाकावी, याचे उत्तर लॅपटॉपच्या स्थितीवर अवलंबून आहे. वर्षानुवर्षांचे नको असलेले प्रोग्राम साचले असतील, तर नवी स्थापना मला अधिक योग्य वाटते. विंडोज १० आणि ११ चा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेला असल्यामुळे केवळ डिस्क बदलल्याने तो जात नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० हा सुरक्षेचा घटक लागतो. ज्या लॅपटॉपमध्ये तो नाही, तिथे लिनक्स मिंट किंवा उबुंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून पाहण्याची हीच चांगली वेळ आहे. मात्र पुन्हा मिळवणे अवघड असलेले प्रोग्राम आणि बारकाईने केलेली मांडणी असेल, तर क्लोन करावे.

क्लोनिंगसाठी नवी एसएसडी यूएसबी-साटा केबलने किंवा एन्क्लोजरमधून (डिस्क आत घालून यूएसबीने जोडायची डबी) जोडावी लागते. अनेक एसएसडी उत्पादक स्वतःचा क्लोनिंग प्रोग्राम देतात. क्लोनझिला हा मोफत पर्याय आहे, मात्र त्यात नवी डिस्क सहसा जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठी असावी लागते. नवी डिस्क लहान असेल, तर जुन्या डिस्कवरील पार्टिशन (डिस्कचा आखलेला भाग) आधी आकुंचित करावे. चार्जर लावून ठेवावा आणि स्लीप बंद करावे. आता या कामातील सर्वांत गंभीर चूक: मूळ डिस्क आणि लक्ष्य डिस्क यांची अदलाबदल. तसे झाले, तर कोऱ्या डिस्कची नक्कल तुमच्या माहितीवर उतरते. दोन्ही डिस्क सारख्याच क्षमतेच्या असताना ही चूक सहज होते, म्हणून मी दोन्हींचे मॉडेल क्रमांक आधी कागदावर लिहितो आणि शेवटची संमती देण्यापूर्वी पडद्यावरील नावांशी अक्षर न् अक्षर ताडून पाहतो.

बदल करताना

विंडोजमध्ये शट डाउन निवडले तरी फास्ट स्टार्टअपमुळे लॅपटॉप पूर्णपणे बंद झालेला नसतो. शिफ्टचे बटण दाबून धरून शट डाउन करावे. चार्जर काढावा, बॅटरी निघणारी असेल तर काढावी, नसेल तर झाकण उघडल्याबरोबर आधी तिचा कनेक्टर सोडवावा. मग पॉवरचे बटण १०-१५ सेकंद दाबून ठेवावे, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. आतल्या कशालाही हात लावण्यापूर्वी एखाद्या धातूच्या मोठ्या वस्तूला स्पर्श करून अंगातील स्थिर वीज घालवावी.

कोऱ्या कागदावर लॅपटॉपच्या तळाची आकृती काढावी आणि काढलेला प्रत्येक स्क्रू आकृतीत त्याच जागी चिकटपट्टीने लावावा. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते आणि आखूड छिद्रात लांब स्क्रू घातला, तर तो वरच्या आवरणावर फोड उठवतो किंवा बोर्डला इजा करतो. काही स्क्रू रबरी पायांखाली दडलेले असतात. सगळे स्क्रू काढूनही झाकण हलत नसेल, तर जोर न लावता राहिलेला स्क्रू शोधावा. झाकणाच्या कडेचे खटके सोडवायला प्लॅस्टिकचे जुने कार्ड पुरते.

जुनी डिस्क धातूच्या चौकटीत दोन्ही बाजूंच्या स्क्रूंनी बसवलेली असते. ती उचलू नये. कनेक्टरपासून सरळ रेषेत मागे सरकवावी. चौकट नव्या एसएसडीला लावून ती त्याच रेषेत पुढे ढकलावी. एम.२ पट्टी मात्र सुमारे ३० अंशांच्या कोनात आत घालून मग खाली दाबतात आणि टोकाला स्क्रू लावतात. मी पहिल्यांदा हे काम केले, तेव्हा लॅपटॉप सुरू होताच काळ्या पडद्यावर डिस्क सापडत नसल्याचा संदेश आला. अर्धा तास बायॉसमधील (विंडोजच्या आधी सुरू होणारी लॅपटॉपची मूळ मांडणी) प्रत्येक पान तपासल्यावर झाकण पुन्हा उघडले, तर एसएसडी कनेक्टरपासून जेमतेम दीड मिलिमीटर मागे राहिली होती. अंगठ्याने ढकलल्यावर हलकासा अडकल्याचा स्पर्श जाणवला आणि लॅपटॉप सुरू झाला. तेव्हापासून हा स्पर्श जाणवल्याशिवाय मी पहिला स्क्रू लावत नाही.

सुरू झाल्यावर

आधी बायॉसमध्ये एसएसडीचे नाव दिसते का आणि साटा मोड (लॅपटॉप डिस्कशी कसा बोलतो याची मांडणी) एएचसीआय हा नवा प्रकार आहे का, हे पाहावे. क्लोन केले असेल आणि मोड जुना आयडीई असेल, तर तो एकदम बदलू नये. विंडोज निळ्या पडद्यावर थांबू शकते. पहिल्या वेळी जुनी डिस्क जोडलेली नसावी, कारण एकसारख्या दोन डिस्क पाहून विंडोज गोंधळते. क्लोननंतर उरलेली जागा डिस्क मॅनेजमेंटमधून पार्टिशनला जोडावी लागते. मध्ये रिकव्हरी पार्टिशन आडवे आले, तर ते आधी पार्टिशन मॅनेजरने शेवटी सरकवावे.

विंडोजच्या ऑप्टिमाइझ ड्राइव्हज या खिडकीत डिस्कचा प्रकार सॉलिड स्टेट ड्राइव्ह असा दिसायला हवा. तसा दिसत असल्यास ट्रिमचे काम, म्हणजे पुसलेल्या फाइलची जागा मोकळी झाल्याचे एसएसडीला कळवणे, विंडोज ठरलेल्या वेळी स्वतः करते आणि वेगळे डीफ्रॅग (विखुरलेले तुकडे एकत्र लावणे) करण्याची गरज नसते. एसएसडीचे आयुष्य वाढावे म्हणून पेज फाइल (रॅम अपुरी पडल्यास डिस्कवर वापरली जाणारी जागा) किंवा हायबरनेट बंद करण्याचे सल्ले आता मागे सोडावेत. दहा-पंधरा टक्के जागा रिकामी ठेवली, तर एसएसडीचा वेग टिकून राहतो.

ट्रिममुळे एक गोष्ट मात्र बदलते. हार्ड डिस्कवर चुकून पुसलेली फाइल अनेकदा परत मिळवता येते. एसएसडीवर ती शक्यता जवळपास संपते. शिवाय हार्ड डिस्क बंद पडण्याआधी पुष्कळदा खरखर करून सूचना देते, तर एसएसडी एखाद्या दिवशी न सांगता थांबू शकते. म्हणून जुनी डिस्क लगेच पुसू नये. बदल केल्याची तारीख तिच्यावर लिहून महिनाभर ती तशीच ठेवावी, तोपर्यंत काही राहून गेले असल्यास लक्षात येते. त्यानंतर, ती निरोगी असल्यास, ज्या एन्क्लोजरमधून क्लोन केले त्याच एन्क्लोजरमध्ये ती घालावी आणि दर आठवड्याचा बॅकअप तिच्यावर घ्यायला सुरुवात करावी.